परगावकरांचा बाक

ईस्ट टॅलमन, व्हरमाँट
गावसभेनंतरचा दुसरा रविवार, चिखल घोट्यापर्यंत

ती. व्हर्नाताईस,

धाकट्या ऑरिनचा, दोन्ही हातमोजे काढून केलेला नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाच्या उन्हात ते तेल घातलेल्या बिजागरीसारखे चालतात असं तू नाताळात लिहिलं होतंस, तर तसेच चालत राहोत. इकडे आम्ही उभयता खुशाल. लोइसचा खोकला गेला, पण खोकल्याच्या निमित्ताने भांडी माझ्याकडे आली होती ती काही परत गेली नाहीत (फोनवर हा विषय काढू नकोस). बर्फ वितळायला लागलाय, त्यामुळे क्वॉरी रोडवर गाडी घातली की ती आपल्याला हवं तिकडे जात नाही, चाकोरीला हवं तिकडे जाते. मॅपलच्या झाडांना रस सुटलाय, पहिल्या आटवणाच्या पाकाचा एक डबा वेगळ्या पार्सलने पाठवतोय. तू पाठवलेल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या मिळाल्या. मी निकर घालत होतो तेव्हापासून आजवर तुझा एक नाताळ चुकलेला नाही. हॅगर्टीच्या दुकानात तू माझा हात धरून हीच गोळी मागून द्यायचीस ते आठवतं आणि अगदी भरून येतं. डबा कपाटात नीट ठेवलाय.

पत्र लांबणार आहे, चष्मा घे. मी लिहायला बसलो की थांबत नाही ही तुझी जुनीच तक्रार आहे, पण कारण तुला माहीत आहे. बोलताना ‘प’, ‘ब’, ‘भ’ असलं काही समोर आलं की माझे ओठ जे मिटतात ते उघडायचं नाव घेत नाहीत. कागदावर तसं होत नाही. कागदावर मी ‘पेल्की’ हे आपलं आडनाव एका दमात लिहितो. तोंडाने ते म्हणायचं तर चहा गार होतो, आणि खरं विचारशील तर परक्या मुलखात जाऊन आडनाव सांगावं लागू नये म्हणूनच मी जन्मभर हे गाव सोडलं नाही. अशा माणसाला गावाने गावसभेचा अध्यक्ष का केलं, हे तू दर वर्षी विचारतेस. बाई गं, अध्यक्षाची वाक्यं ठरलेली असतात. ‘अनुकूल असतील त्यांनी हो म्हणावं’, ‘ठराव संमत’, ‘जेवायची सुट्टी’. ठरलेलं वाक्य प्रार्थनेसारखं असतं, ते अडत नाही. शिवाय ज्याला स्वतःला बोलायचं नाही तो दुसऱ्यालाही फार बोलू देत नाही, म्हणून आमची सभा शेजारच्या गावांआधी संपते. आणि अध्यक्षाला मत नसतं हे तर मला फारच मानवलेलं आहे. मत नसलेल्या माणसाला सगळे येऊन आपापलं मत सांगतात. मला ऐकायला आवडतं. माणूस एखादी गोष्ट का मानतो याची मला लहानपणापासून चौकशी असते, तू तिला भोचकपणा म्हणतेस.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे यंदाच्या सभेत तुझं नाव निघालं. नुसतं निघालं नाही, गाजलं. चर्चमधली कोणीतरी तुला तिखटमीठ लावून कळवणारच, त्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

यंदा विषयपत्रिकेच्या शेवटी, रस्त्यांच्या खडीनंतर आणि कुत्र्यांच्या परवान्यानंतर, एक ठराव होता. सरकारी शाळेत, धर्मादाय दवाखान्यात वगैरे नोकरी करणाऱ्यांनी दहा वर्षं शिक्षणकर्जाचे हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ, हा जो कायदा आहे, त्याला वॉशिंग्टनात कोणी कात्री लावायला निघालंय, कोणी त्याची व्याख्याच बदलायला निघालंय. तर ईस्ट टॅलमनने काँग्रेसला कळवावं की कायदा आहे तसा ठेवा. हा ठराव आणला फिलिपाने. (फिलिपा म्हणजे जुन्या कोठारात राहायला आलेली निवृत्त प्राध्यापिका. तिला इथे येऊन जमाना झाला तरी आपण तिला नवीनच म्हणतो.) ईस्ट टॅलमनने काय कळवलं यावर काँग्रेसची झोप उडेल असं कोणालाच वाटत नव्हतं. तरी पंधरा दिवस आधीपासून गाव पेटलेलं होतं.

तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे खरी गावसभा शनिवारी सकाळी कचरा डेपोवर भरते. प्रत्येक जण आपापली पिंपं घेऊन येतो, बाटल्या एका ढिगात, पुठ्ठे दुसऱ्या ढिगात आणि मतं सगळीकडे. तिथे बर्डेट लॅमोने मला गाठलं. बर्डेट आता गावाचा बर्फ हटवण्याचं कंत्राट घेतो, ट्रक त्याचा स्वतःचा. तो म्हणाला, मी ट्रकसाठी कर्ज काढलं तेव्हा मला कोणी विचारलं का, की बाबा रे, पहाटे तू रस्ता मोकळा केल्याशिवाय शाळेची बस निघत नाही, ॲम्ब्युलन्स निघत नाही, तर जा, तुझं कर्ज माफ? मी कॉलेजात गेलो नाही हा माझा गुन्हा, आणि जे गेले त्यांना माफी? मला हे बिनतोड वाटलं. मग मी फिलिपाकडे गेलो, तर तिने मला कर्ज या गोष्टीचा इतिहास सांगितला, तोही मुळापासून, आणि मधे जे काही साम्राज्य लयाला गेलं ते कशामुळे गेलं ते. घरी येईपर्यंत मला एवढंच आठवत होतं की तिच्याकडची बिस्किटं मऊ पडली होती.

मग मला वाटलं, जिच्यावरून हे सगळं चाललंय तिलाच विचारावं. कारण ठरावात नाव नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं की बोलणं चाललंय ते नोएमीबद्दल.

नोएमी व्हरगास तू गेल्यावर आली. आपल्या शाळेत, आणि आसपासच्या आणखी दोन शाळांत, ज्या मुलांना बोलता येत नाही किंवा बोलताना अडतं त्यांना ती बोलायला शिकवते. तिच्याआधी ती जागा इतकी वर्षं रिकामी होती की तिच्या खोलीत शाळेने बर्फाचे बूट ठेवायला सुरुवात केली होती. आपली विनी आठवते ना, माझी नात? चार वर्षांची होईस्तोवर ती फक्त कुत्र्याशी बोलायची, तेही भुंकून. आता दुसरीत आहे आणि परवा जेवताना लोइसने तिला गप्प बसायचे पैसे देऊ केले. हे नोएमीने केलं. मी तिच्याशी आधी कधी बोललो नव्हतो, कारण बोलायला शिकवणारी बाई दिसली की मी पलीकडच्या फुटपाथवर जातो.

ती त्या शनिवारी डेपोवरच्या फुकट शेडमध्ये (हल्ली आपल्याला नको त्या चांगल्या वस्तू तिथे ठेवतात, ज्याला हव्या त्याने न्याव्या) एक टेबलावरचा दिवा उलटसुलट करून बघत होती. दिवा मीच ठेवलेला. म्हटलं सांगावं, दिवा उत्तम आहे, फक्त बल्ब गेलाय. आता ‘बल्ब’ माझ्या तोंडून निघणं म्हणजे हिवाळ्यात गोठलेलं फाटक उघडणं. म्हणून मी म्हणालो, त्यातलं ते काचेचं उजेडाचं गेलंय. ती माझ्याकडे बघत राहिली. हसली नाही, शब्द सुचवला नाही, दिवा हातात घेऊन नुसती उभी राहिली. मागे फर्निचर टाकणाऱ्यांची रांग लागली. शेवटी मी म्हणालो, ‘बल्ब’. ती म्हणाली, बरं, मग आणते मी नवीन. ताई, माझ्या बोलण्यासाठी एवढा वेळ आजवर फक्त आपल्या जुन्या घोडीने वाट पाहिली असेल. मग तिने मला जे सांगितलं ते मी घरी येऊन लिहून ठेवलं नाही, कारण ते विसरण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, “सोपा शब्द शोधत जाऊ नका. जो म्हणायचाय तोच म्हणा. वाट बघणं हे ऐकणाऱ्याचं काम आहे.”

कर्जाचं विचारलं तेव्हा तिने कुरकुर केली नाही. म्हणाली, त्या दहा वर्षांच्या हिशोबानेच मी ही नोकरी धरली. सात झाली. कायदा राहिला तर राहीन. गेला तर बॉस्टनच्या इस्पितळातून दोनदा बोलावणं आलंय, तिथे पगार बरा आहे, तिकडे जावं लागेल. एवढंच, आणि दिवा गाडीत ठेवला. मी तिथेच उभा. विनीसारखी आणखी पाचसहा पोरं अजून तिच्या खोलीबाहेर बसलेली असतात, ती माझ्या डोळ्यांसमोर आली. कोणी नदीच्या मध्यावर आल्यावर पुलाच्या पुढच्या फळ्या काढून न्याव्यात तसं मला ते वाटलं. पण अध्यक्षाला वाटून उपयोग काय? बर्डेटचंही मला पटलेलंच होतं. दोन उलट गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी पटतात कशा, याचं मला त्या दिवसभर नवल वाटत राहिलं.

आता सभा. शाळेच्या व्यायामशाळेत, नेहमीप्रमाणे. आणि तिथे पहिलीच पंचाईत. जो गावात राहत नाही त्याने सभेत बसायचं ते बास्केटबॉलच्या जाळीखालच्या परगावकरांच्या बाकावर, आणि तोंड उघडायचं ते सभेने दोन तृतीयांश मतांनी परवानगी दिली तर. नोएमी आपल्या गावची नाही. म्हणजे दिवसभर असते इथेच, पण राहते नदीपलीकडे न्यू हॅम्पशायरात, एका लाँड्रीच्या माडीवर, कारण ईस्ट टॅलमनमध्ये भाड्याने घर नाही. जी घरं रिकामी आहेत ती उन्हाळ्यात येणाऱ्यांची, आणि एक तुझं. तेव्हा ज्या बाईबद्दल सभा होती ती त्या बाकावर बसली होती, एका बाजूला वर्तमानपत्राचा बातमीदार आणि दुसऱ्या बाजूला तो सेप्टिक टँकवाला, जो दर वर्षी कॅलेंडरं वाटायला येतो. अर्ध्या गावाच्या पोरांना जिने बोलायला शिकवलं तिला बोलायची मुभा नव्हती. हे कोणाला विचित्र वाटलं नाही. नियम जुना आहे.

फिलिपा बोलली. मुळापासून. लोक तिच्या बाजूने यायला निघाले होते, पण ती तेराव्या शतकात असतानाच परत फिरले. मग बर्डेट उठला आणि त्याने खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. ताई, ते तुझं पत्र होतं. जानेवारीत छापून आलेलं, ‘मी फेडलं’ हे. त्याने ते इतकं छान वाचलं की मला वाटलं हा उगाच बर्फ हटवण्यात फुकट गेला. तू तिसरीच्या वर्गाला शिकवत घेवड्याच्या उसळीवर वर्षं काढलीस, एकच कोट अस्तर बदलून बदलून वापरलास, कॉलेजच्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरलास त्या दिवशी घरी येऊन एकटीने केक कापलास, आणि शेवटी, ‘मला कोणी काही माफ केलं नाही आणि मी कोणाकडे मागितलंही नाही.’ तीन बायकांनी डोळे पुसले. तिघीही तुझ्याच हाताखालून गेलेल्या, त्यातल्या एकीने बहुतेक भीतीने पुसले असावेत.

तेवढ्यात फिलिपाने हरकत घेतली. म्हणाली, पत्र लिहिणारी बाई राहते ॲरिझोनात. म्हणजे ते पत्रसुद्धा परगावकर आहे. ते परवानगीशिवाय कसं बोललं? सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. हरकत शंभर टक्के बरोबर होती. पण एकीकडे नियम आणि दुसरीकडे तू. मी पत्र चालवून घेतलं. (तू तिथे नसूनही तुझी नजर मला मानेवर जाणवत होती.) तेव्हा फिलिपा म्हणाली, मग नोएमीलाही बोलू द्या, मत घ्या. हे रास्तच होतं, आणि झालंही असतं, पण नेमक्या त्याच क्षणी चर्चच्या बायकांनी स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि भट्टीतून निघालेल्या चिकन पायचा वास आत आला. आता आणखी एक भाषण म्हणजे जेवण लांबणार. दोन तृतीयांश हात वर झाले नाहीत. नोएमीने गप्प बसावं असं कोणाचंही म्हणणं नव्हतं, लोकांना फक्त भूक लागली होती. मी पुष्कळ सभा पाहिल्या आहेत, आणि माझा असा कयास आहे की जगातले बरेचसे निर्णय असेच होत असावेत.

जेवणानंतर ऊन पडलं आणि मॅपलवाले रस गोळा करायला पळाले. उरलेल्यांत बर्डेटने उपसूचना आणली, की बर्फ हटवणारे आणि आगीच्या बंबावर फुकट राबणारे यांनाही या माफीत घ्या. फिलिपाच्या बाजूचे कुजबुजायला लागले की हे त्या कायद्यात बसत नाही, तांत्रिक अडचण आहे. बर्डेट शांतपणे म्हणाला, म्हणजे कॉलेजात शिकून केली ती सेवा, आणि आम्ही करतो ते काय मग? फिलिपा हातातले कागद चाळायला लागली. मी तर अजून विचार करतोय. उपसूचना पडली, पण तिच्यामुळे कुंपणावरचे कितीतरी जण बर्डेटकडे गेले.

हो-नाहीचा आवाज सारखाच आला, तेव्हा रिवाजाप्रमाणे उभं राहून मोजायचं ठरलं. बाजूचे एका भिंतीला, विरोधातले समोरच्या भिंतीला. यावर बर्डेटची हरकत, की बाजूवाल्यांच्या भिंतीपाशी आठवीच्या पोरांनी सहलीच्या पैशांसाठी ॲपलचे आणि भोपळ्याचे गोड पाय विकायला ठेवलेत, हे सरळसरळ आमिष आहे. म्हणून पायचं टेबल उचलून मधोमध आणलं. मोजणी झाली. दोन्हीकडे अगदी सारखीच डोकी. मधोमध, टेबलाला टेकून, म्हातारा एल्सवर्थ एकटाच उभा. तुम्ही कोणाच्या बाजूने, असं विचारलं तर म्हणाला, मी ॲपल पायच्या बाजूने, आणि गावाचा रस्ते सपाट करायचा ग्रेडर दुरुस्त कधी होणार ते आधी सांगा. (हे तो तू असल्यापासून विचारतोय.) त्याचं मत मोजता येईना.

सम-समान झालं की अध्यक्षाने मत द्यायचं. हा नियम मला पाठ आहे, पण तो कधी माझ्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं. आणि यासाठी ठरलेलं वाक्य नसतं. एकच शब्द म्हणायचा, आणि तो स्वतःचा.

मी उभा राहिलो. ताई, तुला सांगतो, ‘विरोधात’ हा शब्द माझ्या जिभेवरून लोण्यासारखा जातो. ‘बाजूने’ म्हणायचं तर ओठ मिटावे लागतात. आणि मिटले. उघडेनात. मानेच्या शिरा ताठ, हातोडा घट्ट धरलेला, आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघतंय. मनात आलं, म्हणून टाक ‘विरोधात’, सुटशील. जन्मभर मी हेच केलंय. बटाटे हवे असताना गाजरं मागून घेतलीत. मी किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. शेवटी बर्डेटला माझी दया आली. त्यात त्याचा कावा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पहिलीच्या वर्गापासून तो माझी वाक्यं पुरी करत आलाय, मैत्रीपोटीच. तो वृत्तांत लिहिणाऱ्या कारकूनबाईंना म्हणाला, “विरोधात म्हणतोय तो. लिहून घ्या.” आणि बाईंनी पेन उचललं.

तेव्हा परगावकरांच्या बाकावरून नोएमी उभी राहिली.

“थांबा,” ती म्हणाली. “त्यांचं बोलणं संपलेलं नाही.”

आवाज मोठा नव्हता. पण पाय विकणारी पोरं ताबडतोब हात मांडीवर घेऊन स्तब्ध बसली, कारण ती सगळी तिच्या खोलीतून गेलेली, आणि दुसरा बोलत असला की थांबायचं हे त्यांना पक्कं माहीत. पोरं थांबली तशी मोठी माणसंही थांबली. कारकूनबाईंनी पेन खाली ठेवलं. एल्सवर्थने तोंडातला घास तसाच धरला. कोणी मदत केली नाही, कोणी घड्याळ बघितलं नाही. सगळं गाव नुसतं माझी वाट बघत बसलं, आणि ते मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं.

“बाजूने,” मी म्हणालो. आवाज फाटका आला, पण शब्द माझा होता.

लगेच बर्डेटने हरकत घेतली, की परगावची व्यक्ती परवानगीशिवाय बोलली. हरकत बरोबरच होती. मी हातोडा आपटून ठरलेल्या वाक्यात, न अडखळता, नोएमीला समज दिली. तिने मान खाली घालून ती घेतली. वृत्तांतात तशी नोंद आहे. हसू मात्र सगळ्यांनाच फुटलं होतं. नंतर खुर्च्या रचताना बर्डेट माझ्याजवळ येऊन म्हणाला, मला वाटलं तू विरोधात असशील. मी म्हणालो, तू विचारलंस कधी? त्यावर त्याने माझ्या वाट्याच्या खुर्च्यासुद्धा रचल्या.

ठराव वॉशिंग्टनला गेलाय. तिथे कोणत्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली जाईल देव जाणे. पण मी तुझ्या विरुद्ध मत दिलं, ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. रागावशील, रागाव. तू फेडलंस हे खरं आहे, आणि ते सोपं नव्हतं. पण तुझं पत्र ऐकताना मला सारखं वाटत होतं की तुला खुपतंय ते नोएमीला माफ होईल म्हणून नाही. तू इतकी वर्षं राबलीस आणि कोणी एका शब्दाने काही म्हटलं नाही. निवृत्त झालीस तेव्हा शाळेने भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेही बंद. केक कापलास तेव्हा मी रस्त्यापलीकडच्या घरात होतो आणि मला ते वर्तमानपत्र वाचून कळलं. तेव्हा हे आता लिहितो: फार केलंस ताई. मला तुझा फार अभिमान वाटतो. तुझं पत्र ऐकून मी रडलो असतो, पण अध्यक्षाला ते चालत नाही.

असो. थोरामोठ्यांना नमस्कार म्हणावं तर तिकडे तूच सगळ्यांत थोर, तेव्हा तो तूच ठेव. गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा,
ऑरिन

ता. क. तुझ्या क्वॉरी रोडच्या घराचे नळ यंदा फुटले नाहीत. उंदीर आहेत, पण संसारी आहेत. कोणी राहत असेल तर घर टिकतं, असं आपले वडील म्हणायचे.

ता. क. २. तर ते घर नोएमीला भाड्याने द्यावं असं माझ्या मनात आहे. बाई कर्जाचे हप्ते वेळेवर भरते, तेव्हा भाडंही भरेल. पुढच्या मार्चच्या सभेपर्यंत ती रीतसर गावकरी होईल, त्या बाकावरून उठून आपल्यात बसेल, आणि तिला वाटलं तर तुझ्या पत्राविरुद्ध तासभर बोलेल. तेवढी संधी तू तिला द्यावीस, कारण तुझं पत्र मी चालवून घेतलं होतं.

ता. क. ३. तिची खोकी कालच तुझ्या कोठारात येऊन पडलीत. बर्डेटने स्वतःच्या ट्रकमधून आणली. मजुरी तीन ॲपल पाय, आणि यात माफी नाही असं त्याने तिला बजावून सांगितलंय. ती स्वतः मात्र अजून लाँड्रीच्या माडीवरच आहे. घरमालकीणबाईंच्या होकाराशिवाय उंबरा ओलांडणार नाही म्हणते. वीज चालू आहे का एवढंच बघायला बर्डेटने तो डेपोवरचा दिवा स्वयंपाकघराच्या खिडकीत लावून पाहिला. रस्त्यावरून छान दिसतो. बल्ब नवा आहे.

ता. क. ४. हे पत्र पोचल्यानंतरच्या रविवारी तू फोन करशील तेव्हा हेच सगळं मी तुला तोंडाने विचारणार आहे. पत्रावर उत्तर देऊ नकोस. ‘भाड्याने’पाशी मी अडणार. ओठ मिटले की तू नेहमीसारखं ‘म्हणजे नकोच ना, ऑरिन?’ म्हणून माझं वाक्य पुरं करू नकोस. नुसती थांब. माझं झाल्यावर खुशाल नाही म्हण.

ता. क. ५. आणि हॅगर्टीच्या दुकानात मला ज्येष्ठमधाची गोळी कधीच नको असायची. मला पेपरमिंट हवं असायचं.